दप्तर मागण्याचा हक्क

प्रश्न : टेस्टट्यूब उपचारात स्त्रीबीजे काढल्यावर पत्नीचे पोट फुगले, धाप लागली, उपचार केंद्राने गॅसची गोळी देऊन बोळवण केली. आता कागदपत्रेही देत नाहीत.

उत्तर : बीजकोषांना उत्तेजित करणाऱ्या इंजेक्शनांनंतर पोटात पाणी साचून लघवी घटणे व श्वास कोंडणे हा या उपचाराचा सर्वश्रुत उपद्रव असल्याने, न तपासता अशी वासलात लावणे ही, सौम्य शब्दांत, बेपर्वाई होय; लक्षणे अद्याप असतील तर अर्जफाटे बाजूस ठेवून प्रथम मोठे रुग्णालय गाठावे. त्यानंतर इंजेक्शनांच्या मात्रा व सोनोग्राफीच्या नोंदींसह संपूर्ण दप्तराची लेखी मागणी करून पोच घ्यावी, कारण वैद्यकीय आचारनियमांनुसार ते ७२ तासांत देणे डॉक्टरांस बंधनकारक आहे. आचरणाविषयी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दाद मागावी. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षे. उपचार केंद्राची टेस्टट्यूब उपचारांविषयीच्या २०२१च्या कायद्याखालील नोंदणीही तपासावी.