शेतांतील पक्ष्यांचें छायाचित्र कसें घ्यावें

नळदुर्गच्या किल्ल्याजवळून बोरी नदी वाहते व आसपासच्या शेतांत पक्ष्यांची सदैव ये-जा असते. ज्वारीवर बसलेला पक्षी दाणा खातो कीं अळी, हें बांधावरून सहसा समजत नाहीं. छायाचित्रांत तें स्पष्ट दिसतें. पोपट दाणे खातो, कोतवाल किडे टिपतो. दोघांस एकाच गोफणीनें हाकणें तोट्याचें आहे.

हल्लीं मिळणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांत हलणारा आरसा नसतो. त्याचें इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करीत नाहीं, म्हणून पक्षी आवाजानें बुजत नाहीं. बसलेल्या पक्ष्यासाठीं शटरचा वेग १/५०० सेकंद व उडत्यासाठीं १/२००० सेकंद ठेवावा. मात्र इलेक्ट्रॉनिक शटरनें उडते पंख पुष्कळदां वांकडे उमटतात. तेथें यांत्रिक शटरच वापरावें.

आवाज बंद झाला तरी माणूस पक्ष्यास दिसतोच. टिटवी उघड्या जमिनीवर बहुधा चार अंडीं घालते. हौसेनें जवळ गेल्यास ती उठते. अंडीं उन्हांत तापतात व कावळ्यास जागा कळते. याकरितां टिटवी ओरडूं लागतांच मागें फिरावें. ती शेतांतील किडे खाते. तिची वीण बुडाली तर नुकसान आपलेंच.