आधी हिशेब बघ, मग मर्यादा वाढव

अगं, मध्यरात्री कंटेनर 137 क्रमांक देऊन मेला की हात आपोआप मेमरीची मर्यादा दुप्पट करायला जातो, हे मला चांगलं माहीत आहे. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत रात्रपाळी करणाऱ्यांची ती सवयच होते. ठाण्याची गाडी पकडेपर्यंत फोन वाजू नये एवढंच वाटत असतं. पण तू ही सवय लावून घेऊ नकोस.

137 म्हणजे 128 अधिक 9. नववा सिग्नल जीव घेणारा. तो बहुतेकदा मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या ओओएम किलरने दिलेला असतो, पण नेहमीच नाही. म्हणून ‘मेमरी डॉट इव्हेंट्स’ ही फाइल वाच. कंटेनर नव्याने उठला की त्याचा सीग्रुप, म्हणजे कर्नलमधलं त्याचं खातं, तेही नवं आणि आकडे शून्य. तेव्हा एक पायरी वर, पॉडच्या सीग्रुपमध्ये बघ. तिथे ओओएम किलचा आकडा वाढला असेल तर मेमरीच कारण.

मग हिशेब कसा मांडला जातो ते नीट समजून घे. आपल्या नेहमीच्या सर्व्हरवर एक पान 4096 बाइटांचं. प्रोग्रामने मेमरी मागितली म्हणून ती नावावर पडत नाही, पानाला पहिल्यांदा हात लावला की पडते. आणि एकच फाइल दोन कंटेनर वाचत असतील तर? जो आधी वाचेल त्याच्याच खात्यात. जिन्यातला दिवा जो पहिल्यांदा लावेल त्याच्या मीटरवर सगळं बिल चढावं, तसं. त्यामुळे फुगलेला आकडा ज्याच्या नावावर दिसतो, दोष त्याचाच असेल असं नाही.

हे अन्यायाचं वाटेल, पण वाटणी करायची तर प्रत्येक पानाचे सगळे भागीदार लक्षात ठेवावे लागले असते. 2008 च्या एप्रिलमध्ये लिनक्स 2.6.25 मध्ये मेमरी कंट्रोलर आला. आयबीएमच्या बलबीर सिंग यांचं त्यात मोठं काम आहे. तेव्हापासून मोठी चिंता हीच, की दर पानामागे नोंद ठेवायची तर त्या नोंदीलाही मेमरी लागते. माझ्या मते त्यांनी निवडलेला मार्ग योग्य होता. आपण मात्र तो ओळखून आकडे वाचायचे.

एकूण आकडा मर्यादेला टेकला म्हणून घाबरू नकोस, त्यात फाइल कॅशही असते आणि गरज पडली की कर्नल ती परत घेतो. ‘मेमरी डॉट स्टॅट’मध्ये अॅनॉन, फाइल, स्लॅब वेगवेगळे वाच. एक सापळा सांगते: टीएमपीएफएसमधल्या, म्हणजे मेमरीतच राहणाऱ्या फाइली ‘फाइल’मध्येच मोजल्या जातात, पण स्वॅप नसेल तर त्या कुठेही हलवता येत नाहीत. त्या ‘शमेम’च्या ओळीत दिसतात, म्हणून ती ओळ कधी सोडू नकोस.

‘मॅक्स’ म्हणजे आपण घातलेली मर्यादा. ती ओलांडायची वेळ आली आणि काहीच परत घेता आलं नाही, तर मृत्यू. ‘हाय’ ही त्याखालची मऊ मर्यादा ओलांडली तर प्रोसेस नुसती मंदावते आणि तिच्याकडून मेमरी जोरात परत घेतली जाते. कुबरनेटीज नेहमीच्या मांडणीत फक्त ‘मॅक्स’ लावतो, त्यामुळे आधी इशारा मिळत नाही. तो ‘मेमरी डॉट प्रेशर’मधून घे. कामं मेमरीसाठी किती वेळ खोळंबली ते तिथे दिसतं. 2018 च्या डिसेंबरपासून, म्हणजे 4.20 पासून, कर्नलमध्ये ही सोय आहे.

तुमचे वरिष्ठ म्हणतील, मर्यादा वाढव आणि मोकळी हो. वाढव, गिऱ्हाईक अडलं असेल तर वाढवावीच लागेल. पण आधीचे आकडे तिकिटात उतरवून ठेव.

आणि तू सांभाळतेस त्या जावाच्या सेवेचा जेडीके कोणता आहे ते मला आजच कळव. ‘मेमरी डॉट इव्हेंट्स’सारख्या फाइली ज्यात असतात ती सीग्रुपची दुसरी आवृत्ती ओळखणं जावाला 15 पासून जमलं, मागाहून 11.0.16 मध्ये आणि 8 च्या 372 व्या अपडेटमध्ये आलं. त्याआधीचा असेल तर त्याला तुझी मर्यादा दिसतच नाही. 64 जीबीचं मशीन पाहून तो चौथा हिस्सा, म्हणजे 16 जीबीपर्यंत हीप वाढवायला निघतो. तसं असेल तर जेडीके बदल, किंवा तोवर हीपचा आकडा हाताने बांधून दे.