दगडाआधी माणसांना विचार

छावणी, छत्रपती संभाजीनगर

चि. बाळास,


काल पाळकीणबाईंचा फोन आला. तू म्हणे गावी चर्चमागच्या दफनभूमीत तारेचा ब्रश आणि संडास धुवायचं ॲसिड घेऊन बसला होतास, दादांच्या कबरीवरचं शेवाळ काढायला. खरं सांग, ओतलंस का? रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. दादांची पाटी संगमरवरी आहे. त्यावर ॲसिड पडलं की दगडच फेसाळतो, आणि अक्षरं आहेत नखभर खोल. शेवाळ पुन्हा येईल रे, अक्षर येणार नाही.

एवढा शिकलेला तू, कुणाला विचारावंसं वाटलं नाही? साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. खडूही घासू नकोस. अक्षरं लागत नसतील तर ऊन तिरपं असताना फोटो काढ, नाहीतर अंधार पडल्यावर बाजूने बॅटरी धर. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि नाव वाचता येतं. पाटीवर आहे तसंच वहीत उतरव. दादांच्या नावातली वेलांटी पाथरवटाने चुकवली आहे, ती दुरुस्त करायला जाऊ नकोस.

आणि नुसत्या पाट्या उतरवून घरी जाऊ नकोस. पाटी परवडत कुणाला होती? जालन्याला नारायण शेषाद्री, औरंगाबादेत रतनजी नवरोजी, त्यांच्या काळात मंडळीत आलेली आपली माणसं गावकुसाबाहेरची. उशाशी चार धोंडे ठेवले की झालं. १८९९-१९०० च्या दुष्काळात, १९१८ च्या मानमोडीत गेलेल्यांना तेही मिळाले नसतील. अजिंठ्यातली पारो बघ. २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आजही सांगता येते, कारण लेण्यांतली चित्रं उतरवणाऱ्या मेजर गिलने तिच्यासाठी दगड कोरवून घेतला. आपल्या बायांसाठी कोण कोरवणार होतं?

मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझी आजी ईस्टरच्या पहाटे सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की एक मेणबत्ती कुंपणाच्या लिंबाखाली, नुसत्या भुईवर लावायची. वारा सुटला तर पदराचा आडोसा धरून उभी राहायची. मला शहरात परतायची घाई. एसटी चुकेल म्हणून मी तिचा हात ओढायची. तिथं कोण आहे, हे कधी विचारलं नाही. आता सांगणारं कुणी उरलं नाही.

म्हणून म्हणते, आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दफनभूमीत घेऊन जा. ती बोट दाखवतील तिथे चर्चच्या भिंतीपासून पावलं मोज आणि नकाशा काढ. पाळकसाहेबांकडे मंडळीचं दफनाचं रजिस्टर मागून बघ. दगड त्यानंतर. ॲसिड कधीच नाही, एवढं मला कबूल कर.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. घरातली बाकीची पोरं लग्नाकार्याला गावी येतात, पण दफनभूमीच्या फाटकाशी गाडीसुद्धा थांबवत नाहीत. तू भर उन्हात गुडघे टेकून बसला होतास, हेही पाळकीणबाईंनीच सांगितलं. ऐकून मला रडू आलं. टोपी घालत जा. गवतात साप असतात, चपलेवर फिरू नकोस.

येत्या रविवारी उपासना झाली की इकडे ये, जेवायलाच. मला आठवतात तेवढी नावं सांगते, तू लिहून घे. वय झालंय बाबा माझं, पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.

तुझी,
आत्या

ता.क. ओतलं असशील तर तसं सांग, काही बोलणार नाही. फक्त आजच्या आज जाऊन भरपूर पाण्याने धुऊन काढ.