बुट्टी जुळवायची, तर कापडाची चाळणी?

प्रश्न : इंग्लिश पेपर पीसिंगमध्ये षटकोनांचं फूल करताना प्रत्येक पाकळीत तीच बुट्टी यावी म्हणून निवडून कापलं, तर कापडाची चाळणी होते. तुकडेही उरेब येतात. चालेल का?

उत्तर : चालेल, पण कापड पाहून. सहा पाकळ्या हुबेहूब हव्यात तर छपाईत ती बुट्टी किमान सहादा यायला हवी. म्हणून लांब अंतराने येणारी मोठी नक्षी महागात पडते, दाट बारीक नक्षीत तेच काम वितीभर कापडात होतं. पारदर्शक साच्यावर बुट्टीच्या दोन ठळक रेषा पेन्सिलीने उतरवा आणि पाव इंच माया सोडून कापा. उरलेली कात्रणं मधल्या षटकोनांना पुरतात. उरेबची भीती रास्त आहे, पण ती मशीनच्या शिलाईला जास्त लागू. इथे कापड कागदावर दुमडून कच्च्या दोऱ्याने धरलेलं असतं, त्यामुळे ताण कागद झेलतो. मात्र सगळ्या बाजूंना शेजारचा षटकोन जोडला जाईपर्यंत कागद काढू नका. जोडताना सुई दुमडीचे दोन-तीन धागेच उचलेल असं पाहा; कागद टोचला गेला तर काढताना टाके सैल होतात आणि जुळवलेली नक्षी तिथेच सरकते.