नारूचे चक्र आणि पाण्याचे गाळणे

प्रतीत्यसमुत्पाद शिकवताना आम्ही नारूचे उदाहरण घेतो. रुग्णाने पायविहिरीत पाय बुडविला की फोडातून नारूची मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स हा सूक्ष्म जलचर त्या गिळतो. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या त्वचेतून सुमारे वर्षभराने मीटरभर लांबीचा कृमी बाहेर येतो. यावर ना लस होती, ना गुणकारी औषध. तरीही गाळलेल्या, सुरक्षित पाण्याने साखळी तुटली आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला.

भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाण्याचे गाळणे आहे, ते सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी. तेच गाळणे माणसालाही तारते. कारणाचा निरोध होताच दुःखाचा निरोध होतो, हे आम्ही येथे प्रत्यक्ष पाहतो.