संगणकासाठी पंख्याचा कुलर की पाण्याचा?

उल्हासनगरात जीन्स व तयार कपड्यांचा धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांच्या गाळ्यात आता संगणक आहे. एम्ब्रॉयडरीचे डिझाइन, लेबल, बिले सारे त्यावरच. ऐन सीझनमध्ये तो गरम होऊन अडखळू लागला की दुरुस्तीवाला पाण्याचा कुलर सुचवतो. खर्च सहा-सात हजारांपासून पुढे! तो करण्यापूर्वी थोडे समजून घ्यावे.

साध्या कुलरमध्ये प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांत जाते व पंखा ती हवेत सोडतो. दुसऱ्या प्रकारात छोटा पंप द्रव फिरवतो, पण रेडिएटरवर अखेर पंखाच असतो. म्हणजे पाणी उष्णता फक्त वाहून नेते. ती पडते खोलीतल्या हवेतच. बदलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर यांपैकी कोणताही कुलर प्रोसेसरला त्याखाली आणू शकत नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीतील कारखान्यांसाठी थ्रीडी डिझाइन करणारे, ज्यांचा प्रोसेसर दोनशेच्या वर वॅट खेचत तासन्‌तास चालतो, त्यांनी पाण्याचा विचार जरूर करावा. ६५ वॅटच्या प्रोसेसरला मात्र सोबत मिळणारा पंखा पुरतो. फार तर दोन-अडीच हजारांचा मोठा कुलर घ्यावा.

दुकानदाराने बिघाडाचाही हिशेब करावा. पंखा जळाला तर काहीशे रुपयांत त्याच दिवशी नवा बसतो. पंप बंद पडला तर बहुधा पूर्ण युनिट बदलावे लागते, आणि गळती झाली तर मदरबोर्डही जातो. ईदच्या आदल्या आठवड्यात हे परवडेल काय? त्यातून ही वस्तू व्याजाच्या हप्त्यावर घेणे म्हणजे गुनाहही आणि तोटाही.

परिचयाच्या एका डिझाइनवाल्या भावाने तर आगाऊ रक्कम काढून ठेवली होती. कॅबिनेट उघडले तेव्हा पट्ट्यांवर जीन्सच्या सुताचा गोधडीसारखा थर निघाला. साफ करून नवी थर्मल पेस्ट लावली. ९५ अंशांवर जाणारा प्रोसेसर सत्तरच्या आत राहू लागला. रेडिएटरही असाच तुंबतो, हे विसरू नये.

सफाईपूर्वी वायर काढावी आणि पंख्याचे पाते बोटाने धरून मगच ब्लोअर मारावा. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. महिन्यातून एकदा शुक्रवारी सकाळी हे काम उरकावे. धूळ अंगावर उडते खरी, पण जुम्याआधी गुस्ल करायचेच असते.