डॉल्फिन जेवत असताना

मालवण-देवबागच्या होड्यांबरोबर बरीच वर्षं समुद्रात जातो आहे. जाळी ओढणाऱ्यांनी शिकवलेलं आणि स्वतः पाहिलेलं थोडं इथे लिहितो.

१. डॉल्फिन शोधायचा तर आधी पाण्याची वेळ विचारा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. भरतीबरोबर बोय, शेवटं खाडीत चढतात, सुकतीला परततात. या येण्याजाण्याच्या वाटेवर डॉल्फिन हमखास असतात. आमच्याकडे डॉल्फिनला गादा म्हणतात; पुस्तकात तो हिंदी महासागरातला कुबडा डॉल्फिन. साधारण २५ मीटरपेक्षा खोल पाण्यात तो फारसा जात नाही. म्हणजे त्याची शिकारीची जागा आणि लहान होडीवाल्याची मासेमारीची जागा एकच.

२. पाठ दिसली की पर्यटक ‘खेळतोय, खेळतोय’ म्हणून ओरडतात. पण कळप पांगलेला असेल, दिशा सारखी बदलत असेल, शेपूट वर काढून सरळ खाली बुडी मारली जात असेल आणि डोक्यावर सुरय घिरट्या घालत असतील, तर ते जेवण चालू आहे असं समजावं. हा डॉल्फिन होडीच्या पुढच्या लाटेवर स्वार व्हायला क्वचितच येतो.

संगमापाशी अगदी जवळून पाहिलेली एक शिकार सांगतो. हातभर लांबीची बोय पाण्याबाहेर उसळली, परत पडली, आणि तिच्या मागोमाग लांब चोच वर आली. बोय चोचीत आडवी होती. डॉल्फिनने मान झटकून ती फिरवली, डोकं आत घेतलं आणि अख्खी गिळली. त्याचे दात सुळ्यांसारखे, सगळे जवळपास एकसारखे. ते धरून ठेवायला असतात, चावायला नाहीत. डोक्याकडून गिळलं की माशाचे काटे मिटून बसतात, घशाला लागत नाहीत.

३. बोयींखेरीज ढोमे, तारल्या, बांगडे, मांदेली, माकूल हे त्याचं खाणं. यातला ढोमा पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून आवाज करतो, आणि तोच आवाज त्याच्या जिवावर बेतू शकतो. फ्लोरिडात बॉटलनोज डॉल्फिनवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की ते आवाज करणाऱ्या माशांचा कानोसा घेऊन माग काढतात.

४. कानावर चालणाऱ्या शिकारीचं टोकाचं उदाहरण म्हणजे गंगेतला डॉल्फिन. त्याच्या डोळ्यांत भिंगच नसतं. गढूळ पाण्यात तो कुशीवर वळून तळाजवळून पोहतो आणि स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे, कोळंबी हुडकतो. नदीतली ही शिकार मुख्यतः कानावर चालते.

५. जाळ्याचा विषय निघाला की मच्छीमाराचं आधी ऐकून घ्यावं. पहाटे गिलनेट ओढताना मी त्यात अडकलेली नुसती डोकी पाहिली आहेत; धड डॉल्फिनने ओढून नेलेलं. माशांचं नुकसान एका रात्रीचं, पण फाटलेलं जाळं दुरुस्त करण्यात पुढचे दिवस जातात. त्या माणसाला डॉल्फिनला संरक्षण देणारी वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची ऐकवणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. मात्र प्रत्येक भोक डॉल्फिनच्या नावावर घालू नये. केंड मासाही जाळी कुरतडतो, आणि त्याचे दात भलते धारदार.

खरी गोष्ट अशी, की दोघांच्याही वाट्याचे मासे तिसरा नेतो. पर्ससीनची जाळी तारली-बांगड्याचा थवाच्या थवा एका फेरीत उचलतात. राज्य सरकारने २०१६ साली त्यांच्यावर निर्बंध आणले. ते पाळले जावेत म्हणून किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार अजून भांडत आहेत. डॉल्फिनची काळजी असणाऱ्यांनी या भांडणात त्यांच्या बाजूने उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे.

६. शिकार ऐकण्यावर चालते, म्हणून इंजिनाचा आवाज नडतो. चार-पाच बोटींनी घेरलं की कळप पांगतो, मासे निसटतात, पिल्लू बरोबर असलेल्या मादीला भुकेलीच दूर जावं लागतं.

तारकर्लीला डॉल्फिन पाहायला याल तेव्हा बोटवाल्याला आधीच सांगा: पाठलाग नको, लांबच इंजिन बंद कर, दिसले नाहीत तरी पैसे पूर्ण देऊ. गिऱ्हाईकाने असं सांगितलं, तर बहुतेक बोटवाले ऐकतात.